कानात वीज सोडताना

काही महिन्यांपूर्वी शिक्षकांच्या एका प्रशिक्षण वर्गात 'ध्वनी' या विषयावर बोलायला गेले होते. व्याख्यान संपल्यावर पहिलीला शिकवणाऱ्या एक बाई पुढे आल्या. त्यांच्या वर्गात त्या वर्षी एक नवी मुलगी आली होती. तिच्या कानामागे एक लहानसे यंत्र होते आणि त्यातून निघालेली वायर केसांत चिकटून बसलेल्या एका चकतीला जोडलेली होती. त्या मुलीचे 'कॉक्लिअर इम्प्लांट' झालेले होते. बाईंनी विचारले, "मॅडम, तिच्या डोक्यात सतत वीज जाते म्हणतात. त्याने तिला काही होणार तर नाही ना? मी तिला इतर मुलांबरोबर मैदानावर सोडू का?"

त्या वेळी मी थोडक्यात उत्तर दिले. पण परत येताना वाटेत लक्षात आले, की बाईंनी विचारलेला प्रश्न दोनशे वर्षांहून जुना आहे. तो संशोधकांनी विचारला, संशोधकांच्या विरोधकांनी विचारला, आईबापांनी विचारला. आज हे उपकरण वर्षभराच्या बाळाच्या कानातही बसवता येते, याचे श्रेय उपकरण शोधणाऱ्यांइतकेच हा प्रश्न विचारणाऱ्यांनाही आहे. त्या प्रश्नाचा हा इतिहास.

व्होल्टाने घेतलेला धक्का

विद्युतघटाचा शोध लावणारा इटालियन शास्त्रज्ञ अलेस्सांद्रो व्होल्टा आपल्याला पाठ्यपुस्तकातून माहीत आहे. १८०० साली लंडनच्या रॉयल सोसायटीला लिहिलेल्या पत्रात त्याने आपल्या घटमालेचे वर्णन केले. त्याच पत्रात त्याने स्वतःवर केलेला एक प्रयोगही सांगितला आहे. दोन्ही कानांत धातूच्या कांड्या घालून त्याने त्या तीस-चाळीस घटांच्या मालेला जोडल्या. डोक्यात जोराचा धक्का बसला आणि काही क्षणांनी आवाज ऐकू येऊ लागला. एखादा दाट पदार्थ रटरट शिजत असावा, तसा तो आवाज होता. हा प्रयोग धोक्याचा वाटल्याने आपण तो पुन्हा केला नाही, असेही व्होल्टाने नोंदवून ठेवले.

विजेने ऐकू येते आणि विजेने इजाही होऊ शकते, या दोन्ही गोष्टी अशा एकाच पत्रात नोंदल्या गेल्या. पुढचा सारा इतिहास या दोहोंमधून वाट काढण्याचा आहे.

कानाची पेटी

ही वाट कशी निघाली हे कळण्यासाठी कानाची रचना थोडी आठवू या. आवाजाने कानाचा पडदा थरथरतो. ती थरथर मध्यकर्णातील तीन इवल्या हाडांमार्फत अंतर्कर्णात पोहोचते. तेथे गोगलगाईच्या शंखासारखी अडीच-पावणेतीन वेढ्यांची एक पोकळी असते. तिचे नाव कॉक्लिया. वेढे उलगडले तर तिची लांबी सुमारे ३५ मिलिमीटर भरते. तिच्यात द्रव असतो, आणि लांबीभर पसरलेल्या एका पातळ पडद्यावर केसासारखे तंतू असलेल्या हजारो पेशी असतात. कंपनांचे विद्युतसंदेशांत रूपांतर करण्याचे काम या पेशी करतात. पुढे मज्जातंतू ते संदेश मेंदूकडे नेतात.

जन्मतः येणारे बहिरेपण, किंवा काही आजारांनी व औषधांनी येणारे बहिरेपण, यांत बहुतेक वेळा या केसपेशीच निकामी झालेल्या असतात. पलीकडचा मज्जातंतू मात्र बऱ्याच अंशी शाबूत असतो. साधे श्रवणयंत्र आवाज मोठा करते, पण तो पकडणाऱ्या पेशीच नसतील तर मोठ्या आवाजाचा उपयोग काय? मग केसपेशींना वगळून थेट मज्जातंतूलाच विजेने चेतवले तर? कॉक्लिअर इम्प्लांटची कल्पना ही एवढीच आहे.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. कॉक्लियाची रचना बाजाच्या पेटीसारखी आहे. तळाजवळचा भाग उंच स्वरांना प्रतिसाद देतो, तर टोकाकडचा भाग खालच्या स्वरांना. पडद्यावरच्या या लहरींचा अभ्यास करणारे गेओर्ग फॉन बेकेशी यांना १९६१ साली नोबेल पारितोषिक मिळाले. म्हणजे एकाच तारेने वीज सोडणे हे पेटीच्या साऱ्या पट्ट्या एकदम दाबण्यासारखे झाले. सूर निघेल, गाणे निघणार नाही.

पॅरिस आणि लॉस एंजेलिस

१९५७ साली पॅरिसमध्ये शार्ल एरिएस या शल्यचिकित्सकाकडे एक रुग्ण आला. आजार आणि त्यावरच्या शस्त्रक्रिया यांमुळे त्याचे दोन्ही कान गेले होते व चेहऱ्याच्या स्नायूंचे मज्जातंतूही निकामी झाले होते. चेहऱ्यावरच्या शस्त्रक्रियेसाठी कान उघडावाच लागणार होता. त्याच वेळी एरिएस आणि त्यांचे सहकारी आंद्रे जुर्नो यांनी श्रवणाच्या मज्जातंतूच्या उरलेल्या टोकाशी तारेचे एक छोटे वेटोळे ठेवले. बाहेरून विद्युतचुंबकीय प्रवर्तनाने त्यात वीज निर्माण करायची, अशी योजना होती. रुग्णाला रातकिड्यांच्या किरकिरीसारखे आवाज ऐकू आले. सरावाने तो दोन-चार सोपे शब्दही ओळखू लागला. पण ते वेटोळे निकामी झाले. दुसरे बसवले, तेही टिकले नाही. काम थांबले.

या प्रयोगाची वर्तमानपत्रातली बातमी एका रुग्णाने लॉस एंजेलिसमधील कर्णशल्यचिकित्सक विल्यम हाउस यांच्या हाती दिली. १९६१ साली हाउस यांनी आपल्या पहिल्या रुग्णांच्या कानात इलेक्ट्रोड बसवले. रुग्णांना आवाज ऐकू आला, परंतु थोड्याच काळात सूज आली आणि उपकरणे काढून घ्यावी लागली. वापरलेल्या पदार्थांना शरीर स्वीकारत नव्हते.

हाउस यांनी घाई केली नाही, हे महत्त्वाचे. त्या दशकात हृदयाचा पेसमेकर विकसित होत होता. शरीराला कोणता धातू चालतो, कोणते आवरण चालते, हे ज्ञान त्यातून हाती येत होते. १९६० च्या दशकाच्या अखेरीस जॅक अर्बन या अभियंत्याच्या मदतीने हाउस यांनी काम पुन्हा सुरू केले. कानामागचे हाड कोरून, चेहऱ्याचा मज्जातंतू आणि चवीचा तंतू यांच्यामधल्या काही मिलिमीटरांच्या फटीतून मध्यकर्णात शिरायची वाटही त्यांनी रुळवली. या वाटेवर हात जरा घसरला तर रुग्णाचा चेहरा वाकडा होऊ शकतो. म्हणून शस्त्रक्रिया सूक्ष्मदर्शकाखाली करतात. आजही बहुतेक शल्यचिकित्सक याच वाटेने जातात.

नाही म्हणणारे शास्त्रज्ञ

त्या काळात अनेक शरीरक्रियाशास्त्रज्ञ या कामाच्या विरोधात होते, आणि त्यांचे आक्षेप पोकळ नव्हते. निरोगी श्रवणमज्जातंतूत तीस हजारांच्या आसपास तंतू असतात. त्यांचे काम एक तार काय करणार? शिवाय इलेक्ट्रोड आत सरकवताना कॉक्लियातला नाजूक पडदा फाटला आणि विजेने उरलासुरला मज्जातंतू मेला, तर उद्या निघणाऱ्या चांगल्या उपायाचीही वाट बंद होईल.

अखेर अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने त्रयस्थ परीक्षा घ्यायचे ठरवले. पिट्सबर्ग येथे रॉबर्ट बिल्गर यांच्या चमूने एका इलेक्ट्रोडचे उपकरण बसवलेल्या १३ जणांची कसून तपासणी केली. त्यांचा अहवाल १९७७ साली प्रसिद्ध झाला. केवळ ऐकून बोलणे समजणे या लोकांना जमत नव्हते. मात्र ओठांच्या हालचालींवरून बोलणे ओळखणे त्यांना सोपे जात होते, स्वतःच्या आवाजावर ताबा येत होता आणि भोवतालचे आवाज कळत होते. विरोधकांचे म्हणणे अर्धे खरे ठरले, पुरस्कर्त्यांचेही अर्धे. अहवालाने प्रश्नाचे रूपच बदलले. 'हे करावे का?' या जागी 'हे अधिक चांगले आणि बिनधोक कसे करावे?' असे लोक विचारू लागले.

शिंपला आणि गवताची काडी

ऑस्ट्रेलियातील ग्रॅम क्लार्क यांचे वडील औषधांच्या दुकानाचे मालक होते आणि त्यांना कमी ऐकू येत असे. गिऱ्हाइकाला काय हवे ते वडिलांना कळण्यासाठी पुन्हा मोठ्याने सांगावे लागे, ही लहानपणची आठवण क्लार्क यांनी सांगितली आहे. कान-नाक-घशाची चांगली चाललेली वैद्यकी सोडून ते संशोधनाकडे वळले. १९७० साली ते मेलबर्न विद्यापीठात प्राध्यापक झाले.

अनेक इलेक्ट्रोड, म्हणजे पेटीच्या अनेक पट्ट्या, कॉक्लियात नेणे हा त्यांच्यापुढचा पेच होता. लवचीक तार वेढ्यात शिरताना दुमडे, आणि ताठ तार भिंतीला टोचे. १९७७ साली समुद्रकिनाऱ्यावर सुटीत असताना त्यांनी एक वेटोळा शिंपला उचलला व त्यात गवताची पाती घालून पाहिली. जे पाते टोकाशी मऊ आणि बुडाशी ताठ होते, ते अलगद आतपर्यंत गेले. इलेक्ट्रोडची तारही तशीच केली, टोकाला लवचीक आणि मागे हळूहळू ताठ होत जाणारी. १ ऑगस्ट १९७८ रोजी मेलबर्नमध्ये रॉड सॉन्डर्स यांच्या कानात असे दहा वाहिन्यांचे उपकरण बसवले. पुढे चाचणीत त्यांना राष्ट्रगीताची धून ऐकवली, तेव्हा ती ओळखून ते उठून सावधान उभे राहिले. या आधी काही महिने, डिसेंबर १९७७ मध्ये, व्हिएन्ना येथे इंगेबोर्ग आणि एर्विन होखमायर यांनी बनवलेले अनेक वाहिन्यांचे उपकरणही एका रुग्णाला बसवले गेले होते.

शिंपल्याची गोष्ट सांगायला गोड आहे. पण त्या गोष्टीच्या मागेपुढे कित्येक वर्षांचे रुक्ष काम आहे. त्यातला एक भाग शाळेच्या प्रयोगशाळेतल्या ओळखीच्या प्रयोगाशी जोडता येतो.

पाण्याच्या विद्युत अपघटनाचा प्रयोग आपण वर्गात करतो. क्षारयुक्त पाण्यात दोन अग्रे बुडवून एकाच दिशेने विद्युतप्रवाह सोडला, की बुडबुडे येतात, एका अग्राजवळ आम्ल तर दुसऱ्याजवळ अल्क तयार होते. अग्राचा धातू विरघळूही शकतो. कॉक्लियातला द्रवही खारटच आहे. तेथे असा एकदिश प्रवाह सोडला तर हाच प्रयोग जिवंत मज्जातंतूशेजारी होईल. यावरचा उपाय मूळ कल्पनेत साधा आहे. विजेचा प्रत्येक स्पंद दोन भागांचा करायचा. आधी एका दिशेने जेवढा विद्युतभार ढकलला, तेवढाच लगेच उलट दिशेने परत घ्यायचा. अग्रापाशी सुरू झालेली क्रिया उलटते आणि शिल्लक काही राहत नाही. अग्रे प्लॅटिनमची, वेष्टन सिलिकोन रबराचे. स्पंदाचा प्रत्येक भाग साधारणपणे सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाएवढा किंवा त्याहून लहान असतो.

कल्पना साधी असली तरी ती सिद्ध व्हायला हवी. मेलबर्नच्या चमूने मांजरांच्या कानात इलेक्ट्रोड बसवून काहींना सुमारे दोन हजार तासांपर्यंत असे स्पंद दिले. नंतर कॉक्लियाचे पातळ छेद घेऊन मज्जापेशी मोजल्या. ठरावीक मर्यादेतील विजेने त्या पेशींची हानी होत नाही, असे दिसले. प्राण्यांचे जीव घेऊन हे ज्ञान मिळाले आहे, हे विसरू नये.

१९८४ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने हाउस यांच्या एका इलेक्ट्रोडच्या उपकरणाला, आणि १९८५ साली मेलबर्नच्या २२ इलेक्ट्रोडच्या उपकरणाला प्रौढांसाठी मान्यता दिली.

मुलांचा प्रश्न

प्रौढ माणूस धोका समजून घेऊन स्वतः होकार देतो. दोन वर्षांच्या मुलाच्या वतीने होकार कोणी द्यायचा? आणि मुलाचे कान म्हणजे मोठ्या माणसाच्या कानाची लहान प्रत नव्हे. दोन नव्या शंका पुढे आल्या.

पहिली शंका वाढीची. कॉक्लिया जन्मतःच पूर्ण आकाराची असते, पण डोके वाढते. कानामागच्या हाडात बसवलेला भाग आणि कॉक्लिया यांच्यातले अंतर वाढून तार ओढली गेली तर? मेलबर्नच्या संशोधकांनी वेगवेगळ्या वयांच्या कवट्यांतील कानाच्या हाडांची मोजमापे घेतली. हे अंतर जन्मापासून मोठेपणापर्यंत सरासरी बारा मिलिमीटर वाढते असे आढळले. माणसामाणसांतला फरक धरून तारेला अडीच सेंटिमीटरपर्यंत लांबण्याची सोय ठेवावी, असे ठरले.

दुसरी शंका अधिक गंभीर होती. लहान मुलांचे कान वारंवार फुटतात, म्हणजे मध्यकर्णात जंतुसंसर्ग होतो. इलेक्ट्रोडची तार मध्यकर्णातून अंतर्कर्णात जाते. तिच्या कडेने जंतू आत शिरले तर पुढे मेंदूच्या आवरणापर्यंतही वाट आहे. प्राण्यांवरील प्रयोगांत असे दिसले, की काही आठवड्यांत तारेभोवती शरीर स्वतःच ऊतीचे एक वेष्टन तयार करते आणि ते जंतूंना बरेचसे अडवते. म्हणून तार जेथे आत शिरते तेथे रुग्णाच्याच ऊतीचा तुकडा बसवून छिद्र बंद करण्याची पद्धत पडली. हा पुरावा पाहून जून १९९० मध्ये अमेरिकेत दोन वर्षे आणि त्यापुढच्या मुलांसाठी मान्यता मिळाली.

मात्र एक आक्षेप असा होता, की ज्याचे उत्तर कोणत्याही प्रयोगशाळेत मिळण्यासारखे नव्हते. अमेरिकेतील कर्णबधिरांच्या राष्ट्रीय संघटनेने १९९१ साली या मान्यतेचा जाहीर निषेध केला. आम्ही आजारी नाही, आमची खुणांची भाषा ही पूर्ण भाषा आहे, आणि मुलाला न विचारता त्याच्यावर ही शस्त्रक्रिया का करता, असा त्यांचा सवाल होता. २००० साली संघटनेने आपली भूमिका सौम्य केली आणि निवडीचा हक्क कुटुंबाचा मानला. मुलाला लहानपणीच कोणती तरी एक भाषा पूर्णपणे मिळाली पाहिजे, हा त्यांचा मुद्दा आजही तितकाच खरा आहे.

२००२ चा धडा

१९९१ साली अमेरिकेतील ब्लेक विल्सन आणि सहकाऱ्यांनी आवाजाचे स्पंदांत रूपांतर करण्याची नवी पद्धत प्रसिद्ध केली. तिच्यामुळे केवळ ऐकून बोलणे समजणाऱ्यांची संख्या खूप वाढली. उपकरणे मुलांमध्ये झपाट्याने पसरली आणि सुरक्षिततेचा प्रश्न सुटला असे वाटू लागले.

त्या सुमारास एका कंपनीने इलेक्ट्रोडबरोबर सिलिकोनची एक छोटी पाचर बसवायला सुरुवात केली. ही पाचर इलेक्ट्रोडला मज्जातंतूच्या बाजूला रेटून धरी, त्यामुळे कमी विजेत काम भागे. कल्पना हुशारीची होती. पण २००२ साली उपकरण बसवलेल्या मुलांत मेंदूज्वराच्या घटना नोंदल्या जाऊ लागल्या. त्याच वर्षी जुलै महिन्यात पाचरीचे उपकरण बाजारातून मागे घेण्यात आले. अमेरिकेतील आरोग्य यंत्रणांनी १९९७ ते २००२ या काळात सहा वर्षांच्या आत शस्त्रक्रिया झालेल्या ४,२६४ मुलांची माहिती गोळा केली. त्यांपैकी २६ मुलांना जिवाणूंमुळे मेंदूज्वर झाला होता. न्यूमोकॉकस जिवाणूमुळे होणाऱ्या मेंदूज्वराचे प्रमाण त्या वयाच्या इतर मुलांपेक्षा तीस पटींहून अधिक निघाले. पाचर असलेल्या मुलांत धोका सर्वांत जास्त होता. काही मुलांत अंतर्कर्णाची जन्मजात रचनाच सदोष होती, त्यांनाही धोका अधिक होता.

१९८० च्या दशकात विचारलेली तीच संसर्गाची शंका पुन्हा समोर उभी राहिली. जुने प्रयोग चुकीचे नव्हते. ते जुन्या रचनेचे होते. एक नवा तुकडा आत घातला, की आधीची सगळी उत्तरे पुन्हा तपासावी लागतात, हा या प्रकरणाचा धडा आहे.

त्यानंतर मेलबर्नमध्ये उंदरांवर प्रयोग झाले. कानात इलेक्ट्रोड असला तर कमी संख्येतील जिवाणूही मेंदूज्वर घडवतात आणि लसीने संरक्षण मिळते, असे त्यांत दिसले. उपकरण बसवणाऱ्या प्रत्येक मुलाला न्यूमोकॉकसविरोधी लस देणे हा आता नियम आहे. शस्त्रक्रियाही हळुवार झाली. लहान छिद्र पाडायचे, इलेक्ट्रोड सावकाश सरकवायचा, असे 'मृदू शस्त्रक्रियेचे' तंत्र जर्मनीतील एर्न्स्ट लेनहार्ट यांनी १९९३ साली मांडले होते. आता ज्यांना थोडेफार ऐकू येते त्यांची ती उरलेली शक्ती सांभाळूनही इलेक्ट्रोड बसवता येतो. क्लार्क, इंगेबोर्ग होखमायर आणि विल्सन यांना २०१३ साली वैद्यकशास्त्रातील मानाचे लास्कर पारितोषिक मिळाले.

पुन्हा त्या वर्गात

२०१४ पासून केंद्र सरकारच्या 'ॲडिप' योजनेत गरजू कुटुंबांतील लहान मुलांसाठी कॉक्लिअर इम्प्लांटचा समावेश झाला. मुंबईतील अली यावर जंग राष्ट्रीय संस्था या कामाची मध्यवर्ती संस्था आहे. त्यामुळे अशी मुले आता खेड्यापाड्यांतील शाळांतही दिसू लागली आहेत.

म्हणून त्या बाईंना दिलेले उत्तर येथेही लिहिते. मुलीला मैदानावर जरूर सोडा. डोक्याला जोराचा मार बसणार नाही एवढे पाहा. प्लॅस्टिकच्या घसरगुंडीवर स्थितिक विद्युत तयार होते, तेथे बाहेरचे यंत्र काढून ठेवलेले बरे. तिची लस झाली आहे का, हे पालकांना एकदा विचारा. तिला ताप, तीव्र डोकेदुखी, उलट्या, मान ताठणे यांपैकी काही दिसले तर 'साधा ताप असेल' म्हणून थांबू नका, लगेच डॉक्टरांकडे पाठवा. आणि तिला पुढच्या बाकावर बसवा. यंत्राने तिला आवाज दिला आहे, त्याचा अर्थ लावायला मात्र ती आता शिकते आहे. ते काम शस्त्रक्रियेने होत नाही, रोजच्या बोलण्याने होते.

बाईंनी हे सगळे वहीत लिहून घेतले. मग थोड्या संकोचाने म्हणाल्या, "मी उगाच शंका काढली असे तर नाही ना वाटले?" मी त्यांना व्होल्टाची गोष्ट सांगितली.